कर्णबधिर मित्रासोबत बोलिंगचा बेत
सुट्टीच्या दिवशी कर्णबधिर मित्रासोबत बोलिंगला, म्हणजे जड चेंडू घरंगळवून पिना पाडण्याच्या खेळाला, जायचे असेल, तर वेळ आणि ठिकाण लेखी संदेशाने ठरवावे आणि शक्यतो भरपूर उजेडाची लेन (चेंडू टाकण्याची पट्टी) मागून घ्यावी. कारण रंगीत दिव्यांच्या अंधारात ना हातांच्या खुणा नीट दिसतात, ना ओठांच्या हालचाली. अर्धवर्तुळात बसावे, म्हणजे सर्वांचे चेहरे समोर राहतात. दहाही फ्रेमचे, म्हणजे खेळातल्या फेऱ्यांचे, गुण पडद्यावर दिसतात, तिथे मदत लागत नाही. चेंडू टाकताना जिच्या पुढे जायचे नसते ती फाउल रेषा ओलांडल्यावर बझर वाजला, तर मात्र ते हाताने खुणावावे. एरवी लक्ष वेधण्यासाठी खांद्याला हलका स्पर्श करणे योग्यच, पण मित्र चेंडू टाकण्याच्या तयारीत असताना मुळीच नाही. एखाद्या विनोदावर सगळे हसत असताना त्याला ‘नंतर सांगतो’ म्हणणे सर्वांत वाईट. तो विनोद तेव्हाच, खुणांनी किंवा लिहून सांगावा.