मोठ्या हॉलमध्ये सोफा, खुर्च्या आणि टीव्ही कसे मांडायचे

हॉल मोठा असला की सामान मांडणं सोपं जाईल असं वाटतं आणि होतं नेमकं उलटं. छोट्या खोलीत पर्याय एखाद-दोनच असतात त्यामुळे ठरवायला फार काही नसतंच. मोठ्या हॉलमध्ये मात्र सोफा या भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला, खुर्च्या उरलेल्या भिंतींना, मधे नुसती मोकळी फरशी, आणि मग टीव्हीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून पुढे वाकायचं आणि समोर बसलेल्याशी बोलायचं तर आवाज चढवायचा. या बहुतेक तक्रारी एकाच सवयीतून येतात, सगळं भिंतीला चिकटवायची सवय. सोफा भिंतीपासून सोडवला की निम्मं काम झालं असं मी ठामपणे म्हणेन, बाकीचं खाली सविस्तर सांगते.

सुरुवात मेजर टेपने करा, सोफ्याच्या दुकानात नाही. हॉलची लांबी-रुंदी तर घ्याच, पण त्याबरोबर दारं कुठल्या बाजूला उघडतात आणि उघडल्यावर किती जागा खातात, खिडक्या जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात, प्लग पॉइंट कुठे आहेत, इंटरनेटची आणि टीव्हीची केबल कुठून आत येते, पंखा कुठे आहे, एखादा पिलर भिंतीतून बाहेर आलाय का, हे सगळं लिहून ठेवा. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरून नकाशा काढला तरी पुरतं, ॲप वगैरे नसलं तरी चालतं. सामानाचे तुकडे त्याच मापात कागदातून कापून घ्यायचे आणि नकाशावर सरकवत बसायचं, सोफा उचलून सरकवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नकाशावर पहिल्यांदा सोफा ठेवायचा नाही, टीव्ही पण नाही. पहिल्यांदा वाटा काढायच्या. बाहेरच्या दारातून आतल्या खोल्यांकडे, स्वयंपाकघराकडे, बाल्कनी असेल तर तिच्याकडे माणसं कशी चालत जातात त्या रेषा पेन्सिलीने ओढा. रोजच्या मुख्य वाटेला ३ फूट रुंदी हवी, म्हणजे हातात सामान असलं तरी अंग चोरावं लागत नाही, घरात व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणारं कोणी असेल तर ही ३ फूट कमीत कमी समजा आणि वळणाच्या ठिकाणी त्याहून जास्त सोडा. जिथून क्वचितच कोणी जातं तिथे २ फूट चालतात. आणि एक नियम अजिबात मोडू नका, मुख्य वाट सोफा आणि टीव्हीच्या मधून जाता कामा नये. ऐन सामन्यात दर दोन मिनिटांनी कोणीतरी पडद्यासमोरून जातंय हे कोणालाच आवडत नाही, आणि जाणाऱ्यालाही दरवेळी ओशाळं वाटतं. वाट सोफ्याच्या पाठीमागून काढा, त्यासाठीच सोफा भिंतीपासून सोडवायचा.

वाटा काढल्यावर जी जागा उरते ती एका मोठ्या गोलात बसवायचा प्रयत्न करू नका. एकमेकांसमोर बसून आरामात बोलायचं तर दोन माणसांमधलं अंतर साधारण ६ ते ८ फूट असावं लागतं, १० फुटांच्या पुढे गेलं की माणसं आपोआप मोठ्याने बोलायला लागतात आणि मग शेजारच्याशीच वेगळ्या गप्पा सुरू होतात. म्हणून वीस-पंचवीस फुटांच्या हॉलमध्ये दोन वेगवेगळ्या जागा करा, एक टीव्हीची आणि एक गप्पांची किंवा वाचायची. दोन्हींच्या मधे भिंत किंवा पार्टिशन नको, सोफ्याची पाठ, खाली अंथरलेला गालिचा किंवा कमरेइतकं उंच पुस्तकांचं कपाट एवढ्याने भागतं. टीव्ही बघणारे बघत राहतात, ज्यांना बघायचा नाही ते दुसरीकडे बसतात आणि तरी सगळे एकाच खोलीत असतात. मोठ्या हॉलचा खरा फायदा हाच आहे आणि सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून लावल्या की नेमका तोच वाया जातो.

आता टीव्ही. किती लांबून बघायचा याचा हिशोब सोपा आहे. पडद्याचं माप (एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलेलं) जितके इंच, त्याला १.६ ने गुणा, येईल तितक्या इंचांवर डोळे असले की पडदा आपल्या नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापतो, हे बातम्या, मालिका, सगळ्याला चांगलं. सिनेमा थिएटरसारखा भरून दिसायला हवा असेल तर १.२ ने गुणा, तेव्हा पडदा ४० अंशांच्या आसपास व्यापतो. म्हणजे ५५ इंची टीव्ही साडेपाच ते सव्वासात फुटांवरून, ६५ इंची साडेसहा ते पावणेनऊ फुटांवरून, ७५ इंची साडेसात ते दहा फुटांवरून आणि ८५ इंची साडेआठ ते साधारण सव्वाअकरा फुटांवरून. इतक्या जवळून ठिपके दिसतील अशी भीती जुन्या टीव्हींमुळे बसली आहे, ६५ इंची फोर-के पडद्यावर (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या) चांगल्या नजरेलाही साधारण सव्वाचार फुटांच्या पुढून सुटे ठिपके ओळखता येत नाहीत. उलट फुल एचडी आणि फोर-के मधला फरक साडेआठ-नऊ फुटांच्या पलीकडे या मापात फारसा जाणवतच नाही, म्हणजे १४ फुटांवर सोफा ठेवून फोर-के साठी पैसे मोजायचे आणि ते दिसायचंच नाही असं होतं. मग यावर दोनच उपाय, टीव्ही मोठा घ्या नाहीतर सोफा पुढे आणा, आणि दुसऱ्याला पैसे पडत नाहीत. मोजताना एवढं लक्षात असू द्या की अंतर पडद्यापासून डोळ्यांपर्यंतचं मोजायचं, सोफ्याच्या पाठीपर्यंतचं नाही, त्यात फूट-दीड फुटाचा फरक असतो.

उंचीच्या बाबतीत बहुतेक घरांत टीव्ही फार वर असतो, उभ्याने बघून खुणा केलेल्या असतात ना. आपण बघतो बसून. सोफ्यावर नेहमीसारखे रेलून बसा आणि घरातल्या कोणालातरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजायला सांगा, बहुधा ३८ ते ४२ इंच येईल. पडद्याचा मध्य त्याच उंचीवर किंवा थोडासाच वर असावा. ६५ इंची पडद्याची उंची साधारण ३२ इंच असते, म्हणजे मध्य ४२ वर धरला तर खालची कड जमिनीपासून २६ इंचांवर येते, ऐकायला फारच खाली वाटतं पण बसून बघा, मान एकदम मोकळी राहते. रिक्लायनर असेल आणि पाय लांब करून बघायची सवय असेल तर तीन-चार इंच वर घेतलं तरी चालेल. लहान मुलांचा हात लागेल म्हणून टीव्ही उंच लावतात, त्यापेक्षा खाली भिंतीपासून जरा जास्त पुढे येणारं टीव्ही युनिट ठेवा, हात आपोआप लांब राहतात. स्टँडवर ठेवलेला टीव्ही मात्र पट्ट्याने मागे भिंतीला बांधाच, उंच कपाटं सुद्धा भिंतीला स्क्रूने आवळा, मुलं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि सगळं अंगावर येतं, हे टाळता येण्यासारखं आहे म्हणून आवर्जून सांगतेय.

भिंत कुठली निवडायची हे खिडकीवर ठरतं. खिडकी टीव्हीच्या समोर असली तर दिवसा पडद्यावर तीच दिसते, टीव्हीच्या मागे असली तर डोळ्यांवर उजेड येतो, म्हणून खिडकी टीव्हीच्या बाजूला, काटकोनात असलेली भिंत सगळ्यात चांगली. तसं जमतच नसेल तर जाड पडदे लावा किंवा थोडा फिरवता येणारा हात असलेलं ब्रॅकेट घ्या, पाच-दहा अंश फिरवलं तरी प्रतिबिंब सरकतं. टीव्ही आधीच घरात असेल तर बंद ठेवून दुपारी आणि रात्री दिवे लावून त्याच्यासमोर बसा, काळ्या पडद्यात जे जे दिसेल ते ते चालू असतानाही त्रास देणार, मग कुठला दिवा हलवायचा ते लगेच कळतं. रात्री पूर्ण अंधार करून बघण्यापेक्षा टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा दिवा असला की डोळे कमी शिणतात.

बाजूच्या खुर्च्यांचं पण बघावं लागतं. बऱ्याच एलईडी टीव्हींमध्ये समोरून चित्र छान दिसतं आणि बाजूने बघितलं की काळा रंग राखाडी होतो, रंग फिके पडतात. ओलेड आणि आयपीएस या प्रकारच्या पॅनलला, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याला, हा त्रास कमी. तुमच्या टीव्हीत कुठलं पॅनल आहे माहीत नसेल तर सगळ्यांना मध्यापासून ३० अंशांच्या आत बसवा, ९ फुटांवरून ३० अंश म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साधारण पाच-पाच फूट, तीन जणांचा सोफा आणि एक तिरकी खुर्ची त्यात बसते. त्याच्या बाहेरची खुर्ची गप्पांच्या बाजूला वळवून टाका ना, तिथे तिचा जास्त उपयोग होईल.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे सगळं एकत्र कसं बसतं ते दिसेल. हॉल २४ फूट लांब, १६ फूट रुंद. बाहेरचं दार डावीकडच्या छोट्या भिंतीत खालच्या कोपऱ्यात, आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज खालच्या लांब भिंतीच्या उजव्या टोकाला, मोठी खिडकी उजवीकडच्या छोट्या भिंतीत. वाट उघडच आहे, खालच्या भिंतीच्या कडेने सरळ. मग टीव्ही वरच्या लांब भिंतीवर, डाव्या अर्ध्या भागात, म्हणजे खिडकी बाजूला आणि लांब पडते. ६५ इंची टीव्ही असेल तर डोळे पावणेनऊ फुटांवर, म्हणून सोफ्याची पाठ टीव्हीच्या भिंतीपासून साधारण साडेदहा फुटांवर येते. मागे साडेपाच फूट उरले, त्यातले ३ फूट वाटेला, आणि उरलेल्या अडीच फुटांत सोफ्याच्या पाठीला लागून सव्वा फूट रुंदीचं अरुंद टेबल, त्यावर दिवा, किल्ल्या, चार्जिंग. दारातून आत येणाऱ्याला सोफ्याची उघडी पाठ दिसते ही तक्रार या टेबलाने मिटते. उजवीकडे खिडकीजवळ अजून १०-११ फूट मोकळे राहतात, तिथे दोन खुर्च्या आणि समोर दोन जणांचा छोटा सोफा, मधे गोल टीपॉय. पंचाहत्तर इंची टीव्ही असेल तर सोफा फूटभर मागे सरकतो आणि टेबल मावूनही वाट तशीच राहते.

टीपॉय सोफ्यापासून १६ ते १८ इंचांवर ठेवा, बसल्या जागेवरून कप ठेवता येतो आणि गुडघेही आपटत नाहीत. उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा एक-दोन इंच कमी, लांबी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश. रिक्लायनर असेल तर तो पूर्ण उघडून बघा, पुढे पाय आणि मागे पाठ असं दोन्हीकडे तो जागा मागतो, दुकानात बंद असलेला बघून माप घेऊ नका. गालिचा छोटा घेऊ नका, मोठ्या हॉलमध्ये मधोमध छोटा गालिचा हरवल्यासारखा दिसतो, निदान सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत. गालिचा आणि पडदे आवाजासाठी पण लागतात, मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि टीव्हीतले संवाद कळत नाहीत, मग लोक साउंडबार बदलत बसतात.

वायरींचा विचार सामान यायच्या आधी करा. सोफा हॉलच्या मधे आला की दिव्याला, चार्जिंगला, मोटरवाल्या रिक्लायनरला प्लग कुठून, हा प्रश्न येतोच, आणि फरशीवरून एक्स्टेन्शनची वायर वाटेत टाकणं म्हणजे कोणीतरी अडखळणार. काम चालू असतानाच फरशीत झाकणवाला प्लग पॉइंट करून घ्या, घर तयार असेल तर वायर गालिच्याखालून नेऊ नका, घासून आणि गरम होऊन धोका होतो, त्यापेक्षा अशी जागा निवडा जिथे सोफ्याचं एक टोक भिंतीजवळ येतं. टीव्हीच्या मागे कमीत कमी चार प्लग आणि त्यांच्यापासून वेगळा एक मोठा रिकामा पाइप भिंतीत, एचडीएमआय (टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणारी केबल) आणि इंटरनेटच्या केबलसाठी, विजेच्या वायरींबरोबर त्या एकाच पाइपात घालायच्या नाहीत. एचडीएमआय केबल साधारण ५ मीटरपेक्षा लांब लागणार असेल तर ऑप्टिकल, म्हणजे फायबरची, एचडीएमआय केबल घ्या, साध्या लांब केबलवर फोर-के चित्र मधेच जाऊ शकतं, आणि ऑप्टिकल केबलची दोन्ही टोकं वेगळी असतात, कुठलं टोक टीव्हीला लावायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, पाइपात ओढण्याआधी ते बघा.

सगळं ठरल्यावर फरशीवर मास्किंग टेपने सोफा, टीपॉय, खुर्च्या सगळ्यांची मापं आखा, भिंतीवर पडद्याच्या मापाचा पुठ्ठा चिकटवा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. साध्या खुर्च्या आखलेल्या जागी ठेवून बसा, रात्री दिवे बंद असताना चालून बघा, दारं उघडून बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उठता-बसता आधार मिळतोय का बघा. टेप उचलून पुन्हा चिकटवायला काही लागत नाही. ब्रॅकेटसाठी भिंतीला ड्रिल मात्र सोफा जागेवर आल्यावर, त्यावर बसून उंची परत एकदा मोजल्यावरच मारायचं, कारण प्रत्येक सोफ्याची बैठक वेगळी दबते आणि कागदावरची उंची तेवढ्याने दोन-तीन इंच इकडेतिकडे होते.