पिकअपचा बंपर बदलताय? आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा

टेक्सासच्या हिल कंट्रीत नोव्हेंबरातल्या संध्याकाळी गाडी हाकायची तर निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर. हरणं माजावर येतात तो हा काळ. एक मादी पळत रस्ता ओलांडून गेली की मागून नर येणार, हे इथे चार वर्षं राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तरी लॅनो गावाच्या अलीकडे तो आलाच. वेग ताशी साठ मैल, म्हणजे ९५ किलोमीटरच्या आसपास. गाडीतल्या आम्हा दोघांना ओरखडाही नाही. पण माझ्या २०१८च्या फोर्ड एफ-१५० ची जाळी, एक दिवा, खालचं प्लास्टिक आणि त्यामागचा, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर एका दणक्यात गेले, आणि घरी यायला टो ट्रक बोलवावा लागला.

दुरुस्ती झाल्यावर मी रागाच्या भरात दिसायला सगळ्यात दणकट असा लोखंडी बंपर मागवला. आठ महिन्यांनी तो निम्म्या किमतीत विकला. दुसरा घेताना जे प्रश्न विचारले ते पहिल्यांदाच विचारले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. अमेरिकेत पिकअप चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी ते प्रश्न क्रमाने देतो.

१. नेमकी कशाची धडक अपेक्षित आहे?

हरणासाठी हवा असेल तर जाळीसमोर उंच चौकट असलेला, पूर्ण रुंदीचा बंपर लागतो. गुरांच्या रँचवरच्या ट्रकांना दिसतो तोच. रँच हँड ही शायनर गावची टेक्सासी कंपनी याच प्रकारासाठी ओळखली जाते. घेण्याआधी एक बघा: काही चौकटी पुढे पाडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. रोज तेल तपासणाऱ्याला हे महिन्याभरात नकोसं होतं.

डोंगरात, खडकांवर जाणाऱ्यांना आखूड बंपर हवा. त्याची टोकं चाकांच्या अलीकडेच संपतात, त्यामुळे टायर थेट दगडाला भिडून वर चढतो. पण कोपऱ्यावर हरीण आलं तर हा बंपर काहीच करत नाही. वाळवंटात भरधाव जाणाऱ्या ट्रकांना नळ्यांचा, हलका बंपर असतो. नाक उंच राहतं आणि दिवे लावायला जागा मिळते. आणि मूळ बंपर तसाच ठेवून त्याच्यापुढे बोल्टने कसायचा नळीचा बुल बार. सर्वात स्वस्त आणि सर्वात फसवा. पार्किंगमधल्या टकरीपुरता ठीक, बाकी तो दागिना आहे.

ट्रक फक्त ऑफिस, किराणा आणि मुलांचं सॉकर यासाठी असेल तर माझं स्पष्ट मत: बंपर बदलू नका. ते पैसे चांगल्या टायरांत घाला.

२. वजनाचा हिशेब कागदावर मांडा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा विसरा. तुमच्या ट्रकचा खरा आकडा तोच.

समजा त्यावर १,५०० पौंड आहे, म्हणजे साधारण ६८० किलो. पाच माणसं सरासरी ७५ किलोंची धरली तर ३७५ गेले. नव्या बंपरने मूळ वजनात ९० किलोंची भर घातली, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या विंचचे ३५. उरले १८०. आता मागे दोन टनांचा ट्रेलर जोडला तर त्याचा सुमारे दहा टक्के भार, म्हणजे २०० किलो, ट्रेलर जोडायच्या हिचवर येतो आणि तोही याच हिशेबात धरायचा असतो. ट्रकच्या हौद्यात एक पिशवीही न ठेवता तुम्ही मर्यादेच्या बाहेर गेलात.

त्याहून छुपी गोष्ट म्हणजे बंपरचं वजन नेमकं कुठे बसतं. तो पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो, सी-सॉच्या टोकाला बसलेल्या पोरासारखा. माझ्या ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १४५ इंचांचं अंतर आहे. पुढच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) ३६ इंच पुढे १०० किलो टांगले की पुढच्या ॲक्सलवर १०० नाही, १२५ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल २५ किलोंनी हलका होतो. रिकामा हौदा असलेल्या पिकअपची मागची चाकं पावसात तशीही घसरायला टपलेली असतात. वरून पुढची स्प्रिंग दबते, नाक खाली जातं, हेडलाइटचा झोत रस्त्याकडे झुकतो. माझ्या पहिल्या बंपरने हेच सगळं केलं. जाड स्प्रिंग, नवे शॉक, चाकांची अलाइनमेंट, असा खर्च वाढत गेला आणि शेवटी मी तो काढून टाकला.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नको. वजन किती, आणि ते बंपर फ्रेमला जोडणारं ब्रॅकेट धरून की सोडून, हे विचारा. जो मूळ बंपर निघेल त्याचं वजन मात्र वजा करायला विसरू नका. पुढच्या ॲक्सलची कमाल मर्यादा त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर छापलेली असते.

३. बंपरमागे काय काय लपलंय ते पाहा

जुन्या ट्रकात बंपर म्हणजे वाकवलेला पत्रा. आताच्या ट्रकात तिथे अर्धी इलेक्ट्रॉनिक्सची पेटी असते. एक दिवस दुपारी खाली झोपून, टॉर्च घेऊन बघाच.

पार्किंग सेन्सरांची गोल भोकं नव्या बंपरला आहेत का? पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असेल तर त्याचं रडार बऱ्याचदा जाळीत किंवा बंपरच्या मधोमध असतं. रडारला प्लास्टिकमधून दिसतं, लोखंडातून नाही. त्यासाठी मोकळी खिडकी लागते, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे रडार नव्याने जुळवून घेणं. त्याचं बिल वेगळं येतं, हे दुकानदार आधी सांगेलच असं नाही.

एअरबॅगचा मामला जास्त गंभीर. धडकेत फ्रेमच्या टोकाशी असलेले चुरगळणारे भाग किती वेगाने दाबले जातात, त्यावर एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. ते भाग काढून तिथे सरळ पोलादी ब्रॅकेट लावलं तर ते गणित बिघडू शकतं. ‘एअरबॅगला चालतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतं, पण अमेरिकेत असे बंपर विकण्याआधी कुठल्या सरकारी खात्याची मंजुरी घ्यावी लागत नाही. इतकंच काय, मूळ बंपरसाठीचं संघराज्य मानकसुद्धा फक्त प्रवासी मोटारींना लागू आहे, पिकअपला नाही. तेव्हा कंपनीला पत्र लिहून विचारा: माझ्याच मॉडेलवर, माझ्याच वर्षाच्या ट्रकवर चाचणी केली का, आणि चुरगळणारे मूळ भाग जागेवर राहतात का? गोलगोल उत्तर आलं तर पुढच्या कंपनीकडे वळा.

तिसरी गोष्ट हवा. टर्बो इंजिनाच्या ट्रकात इंटरकूलर बराच खाली असतो आणि बंपरमधल्या फटींतूनच त्याला वारा मिळतो. विंच आणि दोन मोठे दिवे त्याच फटींसमोर आले, की टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ट्रेलर ओढताना तापमानाचा काटा सांगतोच काय झालं ते.

४. धातू

पोलाद बहुधा ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर जाडीचं असतं. चेपलं तर ठोकून सरळ करता येतं, तडकलं तर कुठलाही वेल्डर जोडून देतो. ॲल्युमिनियम बरंच हलकं, पण महाग, आणि ते जोडणारा वेल्डर प्रत्येक गावात मिळत नाही. वर दिलेला हिशेब ज्याचा मर्यादेच्या काठावर येतो त्याने ॲल्युमिनियमच घ्यावं. मी दुसऱ्यांदा तेच घेतलं. ते पोलादी फ्रेमला जिथे टेकतं तिथे ओल राहिली की ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घाला.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत राहत असाल तर कोरा, बिनरंगाचा पोलादी बंपर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. पावडर कोटिंगसुद्धा खडी उडून टवका निघाला की खालून सुटत जातं. टवका दिसला की त्याच आठवड्यात घासून रंग लावायचा.

५. विंच आणि शॅकल

ट्रकच्या कमाल एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची विंच, हा जुना ठोकताळा अजून खरा आहे. ७,००० पौंडांच्या ट्रकला १०,५०० पौंड, म्हणजे बाजारात मिळणारी १२,००० ची. लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या वेढ्यापुरती असते. वेढे वाढतात तशी ओढ घटते. स्टीलच्या तारेऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर वजनही वाचतं आणि तुटल्यावर तो तारेसारखा चाबूक मारत नाही.

शॅकलचे (ओढायचा दोर अडकवायच्या कडीचे) कान बंपरच्या पत्र्याला नुसते वेल्ड केलेले आहेत, की आरपार जाऊन फ्रेमच्या ब्रॅकेटला धरतात, हे मागून हात घालून बघा. चिखलात रुतलेला ट्रक त्या कानांना धरूनच ओढला जाणार आहे.

६. मागचा बंपर

इथे बहुतेकजण स्टेपनी विसरतात. बहुतेक पिकअपांत ती हौद्याखाली टांगलेली असते, आणि ती खाली सोडायची लांब कांडी बंपरमधल्या किंवा नंबर प्लेटजवळच्या भोकातून आत जाते. नव्या बंपरला ते भोक नसेल, किंवा अर्धा इंच सरकलेलं असेल, तर पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला कळतं. सोबत नंबर प्लेटचा दिवा, ट्रेलरचं सात पिनांचं सॉकेट आणि दोन इंची हिच मूळ जागी राहतात का तेही विचारा.

भारतात नेण्याचा विचार असेल तर

फोटो बघून सोलापूरहून भावाचा फोन आला, ‘दादा, असला आपल्या बोलेरो पिकअपला बसंल का?’ बसेल, पण लावायचा नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग असल्याचं कळवलं आहे. पादचाऱ्याला होणारी इजा हे त्यामागचं मोठं कारण. हायवेवर ट्रकांना अजून दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. अमेरिकेतही दिव्यांचे, बंपरच्या उंचीचे आणि पुढच्या नंबर प्लेटचे नियम राज्यागणिक वेगळे: टेक्सासात पुढची प्लेट लागते, ॲरिझोनात नाही.

७. मागवणं आणि बसवणं

असा बंपर साध्या कुरिअरने येत नाही, मालवाहू ट्रकने येतो. ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी खोकं उघडून पाहिल्याशिवाय सही करू नका. सहीनंतर सापडलेला पोचा भरून मिळवणं फार कटकटीचं. विमा कंपनीलाही आधी कळवा, कारण नंतर जोडलेल्या वस्तू पॉलिसीत आपोआप धरल्या जातीलच असं नाही.

बसवायला दोघं हवेत आणि चाकांवर सरकणारा एक जॅक. आधी बॅटरीची तार काढा, मग सेन्सरांचे प्लग. जुना बंपर उतरवण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो घ्या. नवा उचलून सगळे बोल्ट आधी बोटानेच फिरवून सैल ठेवा, दोन्ही मडगार्डांपाशी फट सारखी आली की मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळा. दीडशेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवा. माझे दोन बोल्ट तेव्हा पाव वेढा सैल निघाले होते.

मग संध्याकाळी ट्रक भिंतीसमोर उभा करून हेडलाइटची उंची नीट लावायची. आणि स्टेपनीची कांडी घालून ती एकदा पूर्ण खाली सोडून पाहायची, घराच्या अंगणातच.