सशांना बागेपासून दूर ठेवणारे बुजगावणे : निवड आणि मांडणी

वाफ्यातली कोवळी रोपे एका रात्रीत नाहीशी झाली, तर बुजगावणे उभारण्याआधी ती कोणी खाल्ली हे तपासावे. ससा खोड तिरके आणि सुरीने छाटल्यासारखे साफ तोडतो, तर गोगलगाय पानांना वेडीवाकडी भोके पाडून मागे चिकट चकाकता माग सोडते. जवळपास वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या आढळल्या, तर तो ससाच समजावा.

ससा सतत शिकाऱ्यांच्या धाकात जगतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला जवळजवळ सभोवार दिसते आणि हालचाल तो तत्काळ टिपतो. म्हणूनच घुबड, ससाणा किंवा कोल्हा यांची प्रतिकृती पाहून तो आधी बिचकतो. मात्र ती आकृती जागची हलत नाही आणि तिला शिकाऱ्याचा वासही नाही, हे ध्यानात आल्यावर काही दिवसांतच तिच्या शेजारी बसून चरू लागतो. बुजगावण्याचा सारा परिणाम या सरावण्याला किती लांबवता येते यावर अवलंबून आहे.

त्यामुळे खरेदी करताना रंगरूपापेक्षा हालचाल महत्त्वाची मानावी. वाऱ्याने मान फिरवणारे घुबड हे स्थिर घुबडापेक्षा केव्हाही चांगले. घुबड साधारण दीड मीटर उंचीच्या खांबावर, ससे ज्या वाटेने आत येतात तिकडे तोंड करून बसवावे. ससाणा दोरीने टांगून झुलता ठेवावा. कोल्हा जमिनीवर, पण अर्धवट झुडपाआड उभा करावा. ससे प्रामुख्याने पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी, सूर्यास्तापूर्वी, बुजगावण्याची जागा आणि दिशा दोन्ही बदलावीत. रबरी साप वाफ्याच्या कडेला ठेवता येतो. परंतु त्याला अळ्या टिपणारे पक्षीही भितात, आणि त्यांना बागेतून हुसकावणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

वाफ्यालगतचे उंच गवत आणि फांद्यांचे ढीग आधी काढून टाकावेत, कारण पळून लपायला जागा हाताशी असली की ससा फार दूर जात नाही आणि लवकर परततो.

कायमचा बंदोबस्त हवा असेल, तर अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी छिद्रे नसलेली तारेची जाळी जमिनीवर किमान 60 सेंटिमीटर आणि जमिनीखाली 15 सेंटिमीटर, खालची कड बाहेर वळवून, बसवावी. बुजगावणे रोपे कोवळी असतानाच्या आठवड्यांपुरतेच वापरावे. त्याच्या पायाशी ताज्या लेंड्या दिसू लागल्या, तर ते उचलून नजरेआड ठेवावे आणि काही आठवड्यांनी, शक्य असल्यास दुसऱ्या शिकाऱ्याच्या रूपात, नव्या ठिकाणी उभारावे.