भाचीच्या हातात टॅब देण्याआधी

माझी भाची चार वर्षांची आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. दादा-वहिनी सकाळीच वावरात जातात, पोरगी दुपारपर्यंत अंगणवाडीत असते आणि मग दिवेलागणीपर्यंत आमच्या आईजवळ. चुलतभावाचा कॉलेजातला टॅब घरात पडून होता, तो तिला द्यायचं ठरलं. "त्यात काय टाकायचं ते तूच पाह्य," म्हणून दादाने तो माझ्याकडे नागपूरला पाठवला. मला वाटलं एका संध्याकाळचं काम असेल, पण तीन आठवडे लागले. शहरात नोकरीला असलेल्या आत्या, मामा, काका गावाकडच्या लेकरांना असे टॅब पाठवतात, आणि आत काय असावं हे बहुतेक वेळा मोबाईलवाला नाहीतर शेजारचा मोठा पोरगा ठरवतो. म्हणून मी जे जे तपासलं ते लिहून ठेवते आहे.

आधी वय आणि वेळ ठरवा, ॲप नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तसंच म्हणते: दोन वर्षांच्या आत अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल सोडला तर काही नको, पाच वर्षांपर्यंत तासाच्या आत. तेव्हा घरात पाळण्यातलं लेकरू असेल तर त्याच्यासाठी ॲप शोधूच नका. भाचीसाठी आम्ही अर्धा तास ठरवला. अर्ध्या तासाला तीस ॲप लागत नाहीत, चार पुरतात. हा आकडा आधी ठरल्यामुळे निवड फार सोपी झाली.

टॅब जुना असेल तर तो पूर्ण कोरा करा, पण फॅक्टरी रीसेटच्या आधी जुन्या मालकाचं गूगल खातं त्यातून काढा. नाहीतर चालू करताना तो त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. दादाच्या फोनमधलं खातं टॅबवर टाकू नका, कारण त्याला बँकेचं खातं जोडलेलं असतं आणि कापसाचे चुकारेही त्याच बँक खात्यात येतात. मुलीसाठी वेगळं खातं काढून ते फॅमिली लिंक या गूगलच्या ॲपने घरातल्या एका मोठ्या माणसाच्या फोनला जोडा. त्यातून रोजची वेळ बांधता येते, आणि नवीन ॲप उतरवायचं तर आधी मोठ्यांकडे परवानगी येते. पैसे भरण्याचा कुठलाही मार्ग त्या खात्यात नोंदवू नका.

आता निवडीचं. गावात रेंज गच्चीवर गेलं की येते, खाली उतरलं की जाते. आधी मला ही अडचण वाटली, पण पुढे हेच माझं सूप झालं. ॲप नागपूरला वायफायवर उतरवायचं, एकदा उघडून आतलं सगळं साहित्य भरून घ्यायचं, मग विमान मोड लावून आपण स्वतः अर्धा तास खेळायचं. जे उघडतच नाही ते गावात चालणार नाही. जे उघडतं पण दर दोन मिनिटांनी नेट मागतं, त्याचा जीव बहुधा जाहिरातीत आहे. पाखडता पाखडता बावीस ॲपमधली सहा उरली. एखादी जाहिरात आधीच उतरून बसलेली असते आणि नेटशिवायही दिसते, म्हणून एका दिवसावर भरवसा ठेवू नका. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी उघडून बघा. आणि गावात टॅब पोचला की तो विमान मोडवरच राहू द्या. नेटशिवाय चालणारं ॲपही नेट मिळालं की जाहिराती आणू शकतं.

प्ले स्टोअरच्या पानावर ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरात जाहिराती आहेत का आणि ॲपमधील खरेदी आहे का हे लिहिलेलं असतं. वाचायला पाच सेकंद लागतात आणि लोक तेवढंच वाचत नाहीत. "३+" हा शिक्का पाहून मात्र हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की आत लहान मुलांनी पाहू नये अशी हिंसा किंवा अश्लील काही नाही. तीन वर्षांच्या मुलाला ते समजेल किंवा त्यातून तो काही शिकेल असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही. त्याच पानावर ॲप कुठली माहिती गोळा करतं हेही दिलेलं असतं. चित्र काढायच्या ॲपला लोकेशन कशाला? संपर्कांची यादी कशाला? वाचून घेणाऱ्या ॲपने मायक्रोफोन मागितला तर समजू शकतं, रंगवण्याच्या ॲपने मागितला तर काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे, मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, पण परवानगीचं बटण आपणच दाबत असतो.

भाषेवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. "मराठी मुळाक्षरे" म्हणून जी ॲप मिळतात त्यातली कित्येक हिंदीवरून उतरवलेली आहेत, आणि ते ओळखायला चार अक्षरं पुरतात. पहिलं ळ. ते आहे का, आणि कमळातला ळ नीट उच्चारला आहे का ते ऐका. दुसरं ज्ञ: आवाज "ग्य" म्हणत असेल तर ते ॲप आपलं नाही. तिसरं ऋ, आपण रु म्हणतो, रि नाही. चौथं च: चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळे आहेत, हे बोलणाऱ्या बाईला ठाऊक आहे का? शिवाय श आणि ल यांची वळणंही बघा. राज्य सरकारने २००९ साली वर्णमाला ठरवून दिली तेव्हा ॲ आणि ऑ यांनाही तिच्यात जागा मिळाली, आणि शाळेत तीच वर्णमाला चालते. भाची दोन वर्षांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाईल, तिथे फळ्यावर जे वळण दिसेल तेच इथे दिसायला हवं.

आमच्याकडे ळ ची गोष्ट अजून वेगळी आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो. आमच्या घरी डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, जवळला जवय. भाची तसंच बोलते आणि तसंच बोलावं; ती तिच्या आजीची भाषा आहे. मी एक ॲप आणलं होतं जे मुलाचा आवाज ऐकून बरोबर-चूक सांगतं. चित्रात डोळा दिसला, पोरगी आनंदाने "डोया!" म्हणाली, आणि ॲपने लाल फुली दाखवून कर्कश आवाज काढला. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा फुली. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, मले येत नाई." ते ॲप मी त्याच मिनिटाला काढलं. चार वर्षांच्या मुलीला आपल्या घरचं बोलणं चूक आहे असं काचेच्या तुकड्याने शिकवावं, हे मला सहन होणार नाही. लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्य ग्रंथ ज्या रिद्धपुरात लिहिला गेला ते इथून फार लांब नाही, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. तेव्हा ॲपमध्ये ळ स्पष्ट ऐकू यावा, कारण घरी तो कानावर पडत नाही आणि पुढे वाचताना लागणार आहे. पण तिच्या तोंडातल्या य ला फुली मारणारं काही नको. ऐकवणारं ॲप ठेवा, उच्चार तपासणारं या वयाला नकोच.

खेळण्याच्या पद्धतीत मी चार गोष्टी पाहिल्या. सूचना बोलून मिळतात का, कारण चार वर्षांचं मूल वाचत नाही आणि आमची आईही दुसरीपर्यंतच शिकली आहे. चुकलं तर काय होतं: नुसतं काही न घडणं उत्तम, पुन्हा कर म्हणणं चालेल, घड्याळ पळवणं आणि रडका चेहरा दाखवणं अजिबात नको. खेळ कुठेतरी संपतो का? एक चित्र पूर्ण झालं, एक गोष्ट संपली, आता बस, असा थांबा हवा. एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागत राहतात तिथे मुलीच्या हातून टॅब काढून घेणारी आजी रोज वाईट ठरते, म्हणून व्हिडिओचं एकही ॲप मी ठेवलं नाही. आणि बक्षिसांचा पाऊस: दर टिचकीला तारे, नाणी, फुगे. त्यात मूल ताऱ्यांसाठी टिचक्या मारायला शिकतं, बाकी काही नाही.

मोजणी शिकवणारं ॲप मुद्दाम टाकलं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताने काम करता करता शिकणं. त्याच जिल्ह्यातल्या पोरीने एक ते दहा काचेवर बोट फिरवून मोजावेत हे मला पटत नाही. घरात तुरीचे दाणे आहेत, चिंचोके आहेत, हंगामात वेचणीचा कापूस आहे. आई तिच्याकडून वांगी मोजून घेते. तिथे टॅबची गरज नाही, आणि कुठल्या कामाला टॅबची गरज नाही हेही आधीच घरात बोलून ठेवावं.

शेवटी उरलं ते हे. टक्स पेंट, चित्र काढायला: फुकट, जाहिरात नाही, नेट लागत नाही, शिक्के उमटवता येतात आणि ब्रश फिरवला की आवाज येतो. तिने पहिल्याच दिवशी बैल काढला आणि त्याला निळी शिंगं दिली. जीकॉम्प्री, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त छोटे खेळ, हेही फुकट आणि जाहिरातींशिवाय. त्यातले जोड्या लावायचे, कोडं जुळवायचं, ओळखायचे सात-आठ खेळच आईला दाखवून ठेवले, बाकी पुढे बघू. तिसरं ॲप म्हणजे खरं तर गोष्टींचा गठ्ठा: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरून मराठी गोष्टी पीडीएफ करून उतरवल्या. त्या पातळीनुसार लावलेल्या असतात. पहिल्या पातळीच्या बारा घेतल्या, पानावर एखाददुसरं वाक्य आणि मोठं चित्र. वहिनी रात्री वाचून दाखवते. खुल्या परवान्याच्या असल्याने छापताही येतात, दोन मी तालुक्याला छापून घेतल्या.

चौथा साधा रेकॉर्डर. आईकडून चिमणी-कावळ्याची गोष्ट आणि तीन ओव्या भरून घेतल्या, तिच्याच वऱ्हाडीत. आता आई स्वयंपाकात असली तर भाची ती गोष्ट लावून ऐकते, आणि मग स्वतःच्या आवाजात सांगून भरते. सगळ्यात जास्त हेच वापरात आहे.

खान अकॅडमी किड्स मी पाहिलं. दोन ते आठ वर्षांसाठीचं, फुकट, जाहिराती नसलेलं, फार काळजीने बनवलेलं आहे. पण बोलणं इंग्रजीत, म्हणजे आजी त्यात शिरू शकत नाही. तुमच्या घरात कुणी शेजारी बसून सांगणारं असेल तर जरूर ठेवा. मोठं भावंड असेल तर दीक्षा हे शाळेच्या अभ्यासाचं सरकारी ॲप उपयोगी आहे. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड तिथेच नेतो.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, शाळासुद्धा बाकी राज्याच्या मागून उघडतात, आणि पोरं दुपारभर घरात कोंडलेली असतात. टॅबचा हट्ट नेमका तेव्हाच असतो. टिनाच्या खोलीत टॅब तापतो, बॅटरीला इतकी उष्णता सोसत नाही. म्हणून तो मधल्या खोलीत, भिंतीतल्या फडताळात ठेवायचा. गादीवर ठेवून खेळू द्यायचं नाही, खाली पाटी किंवा पाट घ्यायचा. तापला तर बंद करून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये घालू नका, आत पाणी सुटतं. कूलरच्या अगदी समोरही नको. चार्जिंग लावलेलं असताना मुलीच्या हातात द्यायचा नाही हे पक्कं ठेवा. आमच्याकडे वीज रात्री जरा धड असते, म्हणून दादा जेवणानंतर चार्जिंगला लावतो आणि झोपण्याआधी काढतो.

राहिलं आईला शिकवणं, त्याला मी दोन दिवस गावाला राहिले. स्क्रीनवर फक्त चार चित्रं ठेवली, बाकी सगळं आत लपवलं. मग ॲप पिन करायला शिकवलं. हे सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात एकदा चालू करून ठेवावं लागतं. त्यानंतर उघडलेल्या ॲपमधून मूल बाहेर पडू शकत नाही, बाहेर यायला आकड्यांचं कुलूप लागतं. पहिल्या दिवशी आई घाबरली, "बिघडलं तं मले बोलशीन." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः लावून काढून दाखवलं, सलग पाच वेळा. कुलपाचे आकडे मी कागदावर लिहून देत होते, तिने नको म्हटलं. तिच्या लग्नाचं साल ठेवायला सांगितलं.