एकच पोस्ट पुन्हा पुन्हा का पडत होती?

आईच्या मसाल्यांचं फेसबुक पेज मी सांभाळते आणि कामाची आखणी ट्रेलोवर करते, म्हणजे कामांची कार्डं याद्यांमध्ये लावायच्या अ‍ॅपवर. दोन्ही जोडायला मेकवर (वेगवेगळी अ‍ॅप जोडून कामं आपोआप करणारी सेवा) दोन सिनॅरिओ, म्हणजे आपोआप चालणारे कामाचे क्रम, केले होते. ट्रेलोच्या 'तयार' यादीत कार्ड आलं की पेजवर पोस्ट जायची. आई फोनवरून थेट काही टाकायची, त्याची नोंद राहावी म्हणून पेजवरच्या प्रत्येक नव्या पोस्टचं ट्रेलोत कार्ड बनायचं.

एका रविवारी काळ्या मसाल्याची तीच पोस्ट सकाळपासून पाच वेळा पडली. नेहमीच्या एका काकूंनी फोन करून विचारलं, "अगं, माल संपत नाहीये का?" मला फार वाईट वाटलं; आईचं नाव आहे त्या पेजवर.

आधी दोन्ही सिनॅरिओ बंद केले, मग हिस्टरी उघडली. वेळा बघितल्या: १०:१०, १०:४०, ११:१०. तेव्हा उलगडलं. नवं कार्ड मी 'तयार' यादीतच पाडत होते! म्हणजे पोस्टचं कार्ड, कार्डाची पुन्हा पोस्ट. मोफत प्लॅनवर सिनॅरिओ १५ मिनिटांनी चालतो, म्हणून हे चक्र अर्ध्या तासाचं.

कार्ड आता 'झालेलं' यादीत पडतं. शिवाय ट्रेलोतून जाणाऱ्या मजकुराच्या शेवटी एक ठरावीक हॅशटॅग जोडला आणि दुसऱ्या सिनॅरिओत दोन मोड्यूलमधल्या (म्हणजे टप्प्यांमधल्या) रेषेवर फिल्टर लावला: हा हॅशटॅग असेल तर पुढे जायचं नाही. नुसती यादी बदलूनही भागलं असतं, पण उद्या कुणी कार्ड चुकून सरकवलं तर? फिल्टर हवाच. जास्तीच्या पोस्ट मी हातानेच काढल्या.