लोणच्याला बुरशी, मसाल्याला गाठी: लघुउद्योगातल्या या चुका टाळा

पावसाळा लागला की लोणची-मसाले करणाऱ्या बचत गटांकडे आणि छोट्या कारखान्यांकडे तक्रारी यायला लागतात. उन्हाळ्यात दिलेल्या लोणच्यावर पांढरं आलंय. मसाल्याच्या गाठी झाल्यात. बरणी उघडताना फस्स आवाज आला. मग पहिला प्रश्न हमखास एकच असतो: प्रिझर्व्हेटिव्ह किती वाढवू?

हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कोरड्या आणि तेलातल्या पदार्थांत बिघाड झाला, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. ते कुठून आत शिरलं हे शोधायचं सोडून पावडर वाढवली, तर माल पुन्हा बिघडतो, आणि वर कायदाही मोडतो. लोणच्यात सोडियम बेन्झोएट या प्रिझर्व्हेटिव्हची मर्यादा किलोला 250 मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका किलोला पाव ग्रॅम. ते अंदाजाने चमचाभर टाकायची वस्तू नाही. त्यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटाच लागतो. शिवाय बेन्झोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं. आंबटपणा कमी असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

लोणच्यावर पांढरा थर

आधी तेलाची पातळी बघा. तेलातल्या लोणच्यासाठी मानक असं आहे की फोडींच्या वर किमान अर्धा सेंटिमीटर तेल असावं, नाहीतर एकूण लोणच्यात तेल किमान 10 टक्के असावं. भरताना पातळी बरोबर असते, पण लोणचं मुरताना ती बदलते. कालवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरल्या, की आठवड्याने वरच्या दोन फोडी तेलाबाहेर डोकं काढतात आणि बुरशी नेमकी त्यांच्यावरच धरते. म्हणून मोठ्या पिंपात मुरू द्या, मग भरा, आणि भरताना गरम करून पूर्ण गार केलेलं तेल वरून घाला.

पातळी ठीक असेल, तर बाटली आणि झाकण तपासा. बाटल्या धुऊन फडक्यावर पालथ्या घातल्या, की तोंड झाकलं जातं आणि आतली वाफ आतच राहते. बाहेरून कोरडी दिसणारी बाटली उजेडात आडवी धरून बघा, तळाच्या कडेला ओलाव्याची बारीक रेघ दिसते. बाटल्या जाळीवर पालथ्या ठेवा, शक्य असेल तर ड्रायरमध्ये वाळवा. झाकणाच्या आतल्या चकतीखाली पाणी अडकतं, तिकडे कुणी बघतच नाही. कैरीचंही तेच. धुतल्यावर पुसून, सुती कापडावर पसरून, पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चिरायला घेऊ नका. आणि ज्या डावाने लोणचं भरता, तो नळाखाली विसळून लगेच पिंपात घालू नका. भरणीसाठी कोरड्या डावांचा वेगळा संच ठेवा.

एक गोष्ट ठामपणे सांगते. वरची बुरशी काढून खालचं लोणचं विकायचं नाही, कामगारांना वाटायचंही नाही. बुरशी लोणच्यातलं आम्ल खाते. आम्ल कमी झालं, की आंबटपणामुळे आजवर दबून असलेल्या जंतूंना वाट मोकळी होते.

लसणाचं लोणचं आणि लसूण-तेल

यावर जास्त बोलायला हवं, कारण इथे बिघाड डोळ्यांना दिसत नाही. बुरशी दिसते, खवट वास येतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा मातीतला जंतू मात्र तेलाखाली, हवेविना वाढतो आणि कधी कधी चव-वास न बदलता जीवघेणं विष तयार करतो. लसूण जमिनीत वाढतो, त्यामुळे त्याच्यासोबत या जंतूचे बीजाणू येऊ शकतात. त्यांना रोखायला आम्ल हवं: पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली. कैरी आणि लिंबू स्वभावानेच आंबट, म्हणून तिथे धोका कमी. लसूण, मिरची, मशरूम, गाजर यांना तो आंबटपणा बाहेरून द्यावा लागतो, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून. "आमच्याकडे आजीपासून नुसत्या तेलातच करतात" हे चार दिवसांत संपणाऱ्या घरच्या वाटीला चालून जात असेल, सहा महिने दुकानात राहणाऱ्या बाटलीला नाही.

पीएच मोजताना सर्रास होणारी चूक म्हणजे पट्टी वरच्या तेलात बुडवणं. तेलाचा पीएच मोजताच येत नाही. फोडी निथळून, मिक्सरमध्ये वाटून, त्या लगद्याचा पीएच घ्या, तोही लोणचं मुरल्यावर. मीटर वापरत असाल तर 4 आणि 7 च्या बफर द्रावणाने (ज्याचा पीएच ठरलेला असतो) आधी जुळवून घ्या. 4.6 ही कड आहे, त्यामुळे 4.2 च्या आसपास किंवा खाली राहिलात तर निश्चिंत.

फस्स आवाज, फुगलेलं झाकण, वर येणारे बुडबुडे ही आंबवण्याची खूण. कैरी-लिंबाच्या लोणच्यात बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं असतं. "कमी मिठाचं" म्हणून विकायचं असेल, तर ते फ्रीजमधलं उत्पादन आहे असं समजूनच आखणी करा. लसणासारख्या कमी आंबट लोणच्याचं झाकण फुगलं तर चाखून बघू नका, सगळी बॅच बाजूला काढा.

मसाल्याच्या गाठी, जाळी, किडे

डंक्यावरून आलेला मसाला हाताला चांगला गरम लागतो. तो तसाच पाकिटात भरून सील केला, की रात्री गार होताना आतल्या बाजूला बाष्प जमतं. सकाळी पाकीट खिडकीपाशी धरा: प्लॅस्टिकला चिकटलेला मसाल्याचा गडद पापुद्रा दिसेल. तिथूनच गाठ सुरू होते. मसाला परातीत पातळ पसरून, कोरड्या बंद खोलीत गार करा. पावसाळी दिवसांत मात्र रात्रभर उघडा ठेवू नका, तो हवेतलं पाणी ओढतो.

त्याआधीची पायरी मिरचीची. ब्याडगी असो की संकेश्वरी, बोटांत मोडल्यावर कडकन तुटली पाहिजे. चिवटपणे वाकली, तर परत उन्हात. ओलसर राहिलेल्या मिरचीत बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते भाजून किंवा कुटून जात नाही. मसाल्यांसाठी त्याची मर्यादा किलोला 30 मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. आतून काळी-पांढरी पडलेली मिरची निवडताना बाजूलाच काढा. ती "कुटल्यावर कळत नाही" हेच तिचं खरं संकट आहे.

किडे बहुधा बाहेरून येत नाहीत, आतच असतात: चाळणीच्या कडेला, यंत्राच्या कोपऱ्यात साचलेल्या जुन्या भुकटीत. दळण यंत्र पाण्याने धुऊ नका. ब्रश, कोरडं फडकं, जमल्यास व्हॅक्यूम. पोती भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदराची लेंडी नजरेस पडते. त्याच यंत्रावर शेंगदाण्याची चटणी करत असाल, तर लेबलवर शेंगदाण्याची सूचना हवीच. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ती ओळ जिवाची आहे.

टीसीएल, हातमोजे आणि पाणी

टेबल धुतलं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मारली, तरी स्वॅब, म्हणजे टेबल पुसून घेतलेला जंतूंचा नमुना, खराब येतो. कारण बहुतेक वेळा एकच: आधी घासून तेल-मसाला काढलेला नसतो, आणि क्लोरिन त्या घाणीवरच खर्च होतं. साबणाने घासा, पाण्याने धुवा, मगच टीसीएल. 30 टक्के क्लोरिनची ताजी पावडर असेल, तर 10 लिटर पाण्याला साधारण 7 ग्रॅम, म्हणजे 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग क्लोरिन). पोतं उघडं राहिलं की ताकद उडून जाते. टीसीएलमध्ये टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. टेबल पूर्ण वाळल्यावरच काम सुरू करा.

हातमोजे घालून मोबाइल उचलला, की हातमोज्याचा अर्थ संपला. कोरडे, स्वच्छ, नखं कापलेले हात त्यापेक्षा बरे. हाताला पिकलेली जखम असलेल्या बाईला त्या दिवशी लेबलिंगला बसवा, भरणीला नको. तिची मजुरी मात्र कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती जखम लपवेल. अन्न सुरक्षा नियमांच्या अनुसूची 4 (शेड्यूल 4) प्रमाणे कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. ती कागदापुरती उरकू नका. टँकरचं पाणी वापरत असाल, तर पाण्याची तपासणीही तितकीच नेमाने करा.

तक्रार आल्यावर

पाकिटावर बॅच नंबर नसेल, तर एका खराब बाटलीसाठी सगळा माल परत मागवावा लागतो. नंबर साधा ठेवा: तारीख आणि त्या दिवशीचा कितवा घाणा. वहीत त्यासमोर कच्चा माल कुणाकडून आला, मीठ आणि तेल किती, पीएच किती, कोण भरणीला होतं, एवढं लिहा. प्रत्येक बॅचची एक बाटली कपाटात राखून ठेवा. ग्राहकाचा फोन आला की वाद न घालता नंबर विचारा आणि राखलेली बाटली काढा. ती चांगली असेल, तर वाहतूक आणि दुकानातली साठवण तपासा. तीही बिघडली असेल, तर त्या घाण्यातला उरलेला माल त्याच दिवशी दुकानांतून उचला.