मुलाची बुद्धिचाचणी करवून घेताना
मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या शाळेतील मुलाची बुद्धिचाचणी करवून घ्यायची असेल, तर ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारावे. एका प्रकारच्या कामात चांगले गुण मिळवणारी मुले बहुधा इतर प्रकारांतही चांगले गुण मिळवतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडले. या सगळ्या कामांमागच्या सामायिक घटकालाच सामान्य बुद्धिमत्ता म्हणतात. कोणतीही एक चाचणी तो पूर्णपणे मोजत नाही, म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये. शब्दार्थाची चाचणी हा घटक चांगला मोजते. पण घरी कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला ती प्रमाण मराठीत दिली, तर बुद्धीऐवजी भाषेचा परिचयच मोजला जातो, आणि हा अन्याय मला फार सलतो. अशा मुलासाठी रेव्हनची आकृत्यांची चाचणी मागावी. तिच्यातील अनेक प्रश्नांत नऊ चौकटींपैकी शेवटची रिकामी असते. आडव्या-उभ्या ओळींतला नियम ओळखून योग्य तुकडा निवडायचा असतो. अर्थात, शालेय सरावाचा परिणाम तिच्यावरही होतोच. ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगणे (४-७-२ ऐकून २-७-४) हे ते त्याच क्रमाने म्हणून दाखवण्यापेक्षा सामान्य बुद्धिमत्तेशी अधिक निगडित असते. निकालाची सरासरी सहसा १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते) १५ धरलेले असते, त्यामुळे ९७ आणि १०२ यांसारख्या छोट्या फरकावरून भेद करू नये. मूल उपाशी किंवा तापाने फणफणलेले असल्यास चाचणी पुढे ढकलावी.